‘पास’ लिहिलेला कागद: सोलापुरातील एका बाळाच्या श्रवणदोषाचे प्रकरण

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातले आहे. कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाळाला इथे चिन्नी म्हणतो. तेलुगू घरांत लहानग्या मुलीला लाडाने अशीच हाक मारतात. या भागात माझा बालरोगाचा छोटा दवाखाना आहे. चिन्नीचे वजन, ताप, खोकला, लसींचा हिशेब हे माझ्याकडे, आणि कानाचे काम कानवाल्यांकडे, असे मी धरून चाललो होतो. या प्रकरणात जे चुकले, त्यातले बरेचसे या समजुतीमुळे चुकले.

पार्श्वभूमी

वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतात. राहण्याची खोली कारखान्याला लागून आहे, मधे फक्त एक भिंत. आई घरी विड्या वळते. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेला हजार. घरात आजी आहे. बोलणे तेलुगूत, बाहेरचे व्यवहार मराठीत. आई ही वडिलांच्या मामाची मुलगी. आमच्या भागात हे नाते नेहमीचे आहे, त्याचा विषय पुढे येईल.

चिन्नी ३६ आठवड्यांची जन्मली, वजन २ किलो ३०० ग्रॅम. आईचा रक्तगट ओ, बाळाचा बी. रक्तगट असे न जुळल्याने दुसऱ्याच दिवशी कावीळ चढली आणि बिलीरुबिन, म्हणजे कावीळ आणणारे रक्तातले पिवळे द्रव्य, २६ च्या वर, धोक्याच्या पातळीवर गेले. तिला नवजात अतिदक्षता विभागात हलवले, प्रकाशोपचार झाले, एकदा रक्तबदल करावा लागला. जंतुसंसर्गाच्या शंकेने ५ दिवस जेंटामायसिन हे प्रतिजैविक दिले. नवव्या दिवशी बाळ घरी आले.

ज्यांनी तिला त्या दिवसांत वाचवले त्यांच्याविषयी मनात आदर आहे. पण डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ पुढचे चार महिने सगळ्यांना फसवत राहिली: ‘श्रवण चाचणी (ओएई): दोन्ही कान पास.’

‘पास’चा अर्थ

ओएई चाचणीत बाळाच्या कानात मऊ टोकाची छोटी नळी बसवतात. त्यातून बारीक आवाज सोडला जातो. आतल्या कानातील बाह्य केसपेशी ठीक असतील तर त्या त्याला अतिशय क्षीण प्रतिध्वनी देतात आणि नळीतला मायक्रोफोन तो टिपतो. चाचणी काही मिनिटांत होते, स्वस्त आहे, बाळाला तार-टिकल्या लावाव्या लागत नाहीत. चाळणीसाठी, म्हणजे सगळ्या बाळांतून शंकास्पद बाळे वेगळी काढण्यासाठी, ती सगळीकडे वापरली जाते ती यामुळेच.

पण ही चाचणी केसपेशींपाशी थांबते. तिथून पुढे आवाज श्रवणमज्जातंतूतून मेंदूकडे जातो की नाही, हे तिला कळत नाही. ते पाहणारी चाचणी म्हणजे बेरा. त्यात कपाळावर आणि कानामागे टिकल्या लावून मज्जातंतूची आणि मेंदूस्तंभाची विद्युत लहर नोंदवतात. चढलेली कावीळ नेमका हाच पुढचा रस्ता बिघडवते, कारण बिलीरुबिन श्रवणमज्जातंतूवर आणि मेंदूस्तंभातील श्रवणकेंद्रांवर परिणाम करते. केसपेशी शाबूत राहतात. म्हणून ज्या बाळाला रक्तबदल लागला, किंवा जे अतिदक्षता विभागात ५ दिवसांहून जास्त राहिले, त्याची चाळणी बेरा पद्धतीने व्हायला हवी. एकट्या ओएईवर अशा बाळाला ‘पास’ म्हणू नये.

हे मला माहीत होते, परीक्षेत लिहिलेही होते. तरी चिन्नी सात आठवड्यांची असताना सर्दीसाठी आली, मी कार्ड उघडले, ‘पास’ वाचले आणि कार्ड मिटले. कार्डाच्या मागच्या पानावर, औषधांच्या यादीखाली, घाईच्या अक्षरात लिहिले होते: ‘३ महिन्यांनी बेरा’. आईला ते कुणी वाचून दाखवले नव्हते. मीही मागचे पान उलटले नाही.

आजीचे बोलणे

चौदाव्या आठवड्याच्या लसीच्या वेळी आजी सोबत आली होती. आई म्हणाली, पोरगी गुणी आहे, त्रास देत नाही. आजीला ते पटत नव्हते. तिचे शब्द मी तेव्हाच कागदावर उतरवून ठेवले: “डॉक्टर, माग थांबला की आम्ही सगळे दचकून उठतो की ओ. हिला चालू काय, बंद काय, सारखंच.”

मागाच्या शेजारी राहणाऱ्यांनाच हे सुचू शकते. त्या घरांत खडखडाटात झोप लागते आणि शांततेने मोडते. ‘मोठ्या आवाजाने बाळ दचकते का’ हा आमचा ठरलेला प्रश्न अशा घरात विचारून काही हाती लागत नाही. आजीने स्वतःची चाचणी शोधली होती आणि ती माझ्या चाचणीपेक्षा चांगली होती.

मी काय केले? बाळाच्या डोक्यामागे टाळी वाजवली. बाळाने डोळे मिचकावले. क्षणभर मला हायसे वाटले, आईच्या चेहऱ्यावरही सुटका दिसली. मग हात लांब नेऊन, वारा लागणार नाही आणि सावली दिसणार नाही अशा बेताने पुन्हा वाजवली. काहीच नाही. पहिल्या वेळी तिने प्रतिसाद दिला होता तो हवेच्या झुळकीला. टाळी, ताट, चाव्यांचा जुडगा या गोष्टींनी बहिरेपण नाकारता येत नाही. उलट श्रवणदोष असलेले बाळ नजरेने, स्पर्शाने, जमिनीच्या थरथरीने इतके सावध असते की ते ऐकते आहे असेच वाटते.

वस्तीत घरोघर जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणजे आमच्या आशाताई, यांच्या नोंदीतही तेच होते, हे नंतर कळले. तीन महिन्यांच्या भेटीत त्यांनी लिहिले होते, ‘आवाजाकडे लक्ष देत नाही, मान अजून धरत नाही.’ ती नोंद त्यांच्या वहीत होती, माझी माझ्या संगणकात आणि रुग्णालयाची कार्डाच्या मागच्या पानावर. तिन्ही बरोबर होत्या, पण त्या तोवर एकत्र आल्या नव्हत्या.

समोरचे पर्याय

त्या दिवशी माझ्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, सहा महिन्यांपर्यंत थांबणे: बाळ ३६ आठवड्यांचे, थोडी मागे असणारच. अशी वाट पाहण्याने आपल्याकडे किती मुलांची किती वर्षे गेली, हे मूकबधिर शाळेच्या पहिलीच्या वर्गात बसले की कळते. दुसरी, जवळच्या खासगी केंद्रात त्याच दिवशी ओएई पुन्हा करून घेणे. कुटुंबाला ही हवी होती, कारण वेळ आणि पैसा दोन्ही कमी लागणार होते. पण ओएई पुन्हा ‘पास’च आली असती आणि घरच्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला असता. तिसरी, थेट बेरा. तारीख लांबची मिळणार, बाळ झोपलेले हवे, एक दिवस बुडणार.

मी बेरा निवडली. निर्णयाला पाच मिनिटे लागली, समजावायला चाळीस. ‘पास’ आहे तर पुन्हा कशाला, हा वडिलांचा प्रश्न अगदी रास्त होता. मी कागदावर कान काढला, आत एक दरवाजा काढला, आणि म्हणालो, “अण्णा, त्यांनी दारापर्यंत बघितलं. दाराच्या आत बघायचं राहिलंय.”

बाळाच्या श्रवणासाठी जगभर १-३-६ असा दंडक पाळतात: १ महिन्याच्या आत चाळणी, ३ महिन्यांच्या आत निदान, ६ महिन्यांच्या आत उपचार सुरू. चिन्नी साडेतीन महिन्यांची होती. चाळणी वेळेत झाली होती पण चुकीच्या चाचणीने, आणि निदानाची मुदत गेली होती.

निदान

तारीख चार आठवड्यांनंतरची मिळाली. त्या दिवशी बाळ रिक्षात झोपले आणि टिकल्या लावताना जागे झाले. झोपेचे औषध देऊनही नीट झोपेना. चाचणी अर्धवट राहिली आणि दिवस फुकट गेला. दुसऱ्या वेळी मी आदल्या दिवशी फोन करून सांगितले: पहाटे लवकर उठवा, रिक्षात झोपू देऊ नका, दूध तिथे पोहोचल्यावर पाजा, तिची रोजची गोधडी न्या. ती शांत झोपली. हा फोन पहिल्या वेळीच करायला हवा होता. बेरासाठी बाळ कसे न्यायचे हे ज्याने पाठवले त्याने सांगायचे असते, आणि पाठवले मी होते.

निकाल: दोन्ही कानांत ९० डेसिबल इतक्या मोठ्या आवाजापर्यंतही बेराची लहर नाही, केसपेशींचा विद्युत प्रतिसाद मात्र ठळक, ओएई आजही ‘पास’. निदान, ऑडिटरी न्यूरोपॅथी. वय साडेचार महिने.

ऑडिऑलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मॅडमनी ते फार चांगले समजावले. आवाज आत जातो, पण मज्जातंतूतले संदेश एका वेळी, एका लयीत पोहोचत नाहीत, त्यामुळे मेंदूला बोलणे विस्कटलेले मिळते. वडील ऐकत होते. म्हणाले, “म्हणजे सूत येतंय, पण तुटत तुटत.” पुढे कुणालाही समजावताना मी हेच वाक्य वापरत आलो आहे.

या प्रकारात बेराची सपाट रेघ बहिरेपण किती आहे ते सांगत नाही. एखादे मूल मध्यम आवाज ऐकू शकते, एखादे अजिबात नाही, आणि दोघांची बेरा सारखीच दिसते. काविळीमुळे झालेल्या प्रकारात पहिल्या वर्षभरात काही सुधारणाही होऊ शकते. म्हणजे कुटुंबाला एकाच दमात सांगायचे होते की दोष नक्की आहे, किती आहे ते आज सांगता येत नाही, थोडा कमी होईल किंवा होणारही नाही, तरीही उपचार आत्तापासून हवेत. हे सगळे एका बैठकीत सांगितले गेले, मराठीत, तेलुगू बोलणाऱ्या आजी आणि आईला.

हरवलेले सहा आठवडे

पुढची भेट दहा दिवसांनी होती. ते आले नाहीत.

मला वाटले ऑडिऑलॉजी विभागातून फोन गेला असेल. तिथे वाटले, मी पाठवलेले बाळ, मी बघत असेन. आशाताईंना निदान झाल्याचे कुणी कळवलेच नव्हते. श्रवणदोष असलेली बाळे हातून निसटतात ती चाचण्यांच्या अभावी कमी आणि दोन खिडक्यांमधल्या अशा मोकळ्या जागेत जास्त, असे माझे मत या सहा आठवड्यांनी पक्के झाले.

दवाखान्यात नोंदलेला एकच मोबाइल नंबर होता, तो बंद लागत होता. शेवटी आशाताई घरी गेल्या. खोलीला कुलूप. शेजारणीने सांगितले की दोन कागद दोन गोष्टी बोलतात म्हणून घरात वाद झाला. एक ‘पास’ म्हणतो, दुसरा ‘नाही’ म्हणतो, मग खोटा कोणता? आई बाळाला घेऊन अक्कलकोटकडे माहेरी गेली होती. वडिलांनी कारखाना बदलला होता, नंबरही.

आशाताईंनी माहेरचा पत्ता काढला, तिथल्या आशाताईंना फोन केला, आणि चिन्नी परत आली तेव्हा ती सव्वासहा महिन्यांची होती. आई माझ्यासमोर बसली आणि तिने एकच विचारले: “माझ्या विड्यांमुळं झालं का ओ?” हा प्रश्न ती सहा आठवडे एकटी घेऊन बसली होती. विड्यांचा याच्याशी संबंध नव्हता, कावीळ कारण असण्याचा संभव सर्वांत मोठा होता, तिने काही चुकीचे केलेले नव्हते. हे मी निदानाच्याच दिवशी, तिने विचारण्याआधी सांगायला हवे होते.

काय केले: एक पान

त्या संध्याकाळी मी दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर चार रकाने पाडले: काय ठरले, कुठे, कोणत्या तारखेला, आणि आले नाहीत तर फोन कोण करणार. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्यात ‘विभाग’ किंवा ‘केंद्र’ लिहायचे नाही, माणसाचे नाव लिहायचे, असा नियम केला. कुटुंबाचे तीन नंबर घेतले: वडिलांचा, आजीचा आणि शेजारणीचा. पानाची एक प्रत माता-बाल संरक्षण कार्डात चिकटवली, एक आशाताईंकडे, एक ऑडिऑलॉजिस्ट मॅडमकडे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही तिघे फोनवर दहा मिनिटे बोलायचो.

मग जी कामे प्राथमिक डॉक्टरचीच होती आणि मी विसरलो होतो, ती एकेक करून उरकली. डोळ्यांची तपासणी: ज्याला कानाने कमी कळते त्याची नजर शाबूत असणे फार गरजेचे, शिवाय जबर काविळीनंतर वर बघण्याची हालचाल अडते का तेही पाहायचे असते. ईसीजी: काही जन्मजात बहिरेपणासोबत हृदयाच्या ठोक्याचा धोकादायक दोष येतो, आणि नात्यातले लग्न असल्यावर तो तपासून घेणे बरे. दोन्ही ठीक निघाले. सीएमव्ही या विषाणूचा जन्मजात संसर्ग हेही बहिरेपणाचे एक कारण असते, पण ते तपासायची मुदत मात्र गेली होती. लघवी किंवा लाळेचा नमुना पहिल्या ३ आठवड्यांत घेतला तरच तो संसर्ग जन्मजात होता असे म्हणता येते.

आणि मान. चिन्नी सहा महिन्यांची होऊनही मान डळमळत होती. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण आणि विकासातील उशीर दोन्ही येतात, त्यामुळे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपीची सोय झाली. इथे एक गाठ सुटली जी एकट्या कुणालाच सुटली नसती. या वयात श्रवण मोजायची पद्धत म्हणजे आवाज आला की बाळ तिकडे वळते का ते पाहणे, आणि वळले की त्याला दिवा लागलेले खेळणे दाखवणे. चिन्नी वळत नव्हती. ती ऐकत नव्हती म्हणून, की मान वळत नव्हती म्हणून? फिजिओथेरपिस्ट आणि ऑडिऑलॉजिस्ट यांचे फोनवर बोलणे झाले. दोघींनी ठरवले की सहा आठवडे मानेवर भर द्यायचा, मग पाठीला आधार देऊन चाचणी घ्यायची, आणि मान वळण्याऐवजी नजर वळली तरी प्रतिसाद धरायचा. साडेआठ महिन्यांना पहिला भरवशाचा आकडा मिळाला: साधारण ७० डेसिबलच्या आसपास, म्हणजे त्याहून हळू आवाज तिला कळत नव्हता.

तोवर थांबलो नव्हतो. सातव्या महिन्यात मॅडमनी विभागातली उसनी श्रवणयंत्रे लावली, कमी आवाजावर, जपून. सरकारी योजनेतून स्वतःची यंत्रे मिळायला उत्पन्नाचा दाखला, बाळाचे आधार, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) लागते. चिन्नीच्या जन्मदाखल्यावर नावच नव्हते, तिथून सुरुवात होती. या कागदांसाठी बाळाचे कान थांबत नाहीत. उसनी यंत्रे नसती तर आणखी तीन महिने गेले असते.

यंत्र कानात बसवण्यासाठी कानाच्या मापाचा साचा लागतो. हे साचे दर काही आठवड्यांनी लहान पडतात, कारण कान वाढतो. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारते आणि घरचे ते काढून डब्यात ठेवतात. त्यामुळे साच्याची तारीख, ऐकणे-बोलणे शिकवणाऱ्या थेरपीची तारीख आणि नवव्या महिन्याची लस एकाच दिवशी बसवली. आईचा महिन्याला एक हजार बुडाला तर चालत होते, चार बुडणे चालत नव्हते. गैरहजेरी कमी झाली ती मुख्यतः यामुळे.

मागाचा आवाज, घरातली भाषा

आठव्या महिन्यात लक्षात आले की घरी यंत्र लावले की चिन्नी रडते. मी बॅटरी बदलली, साचा पाहिला, कान पाहिला. कारण साधे होते: यंत्र बोलण्याबरोबर भिंतीपलीकडचा मागही मोठा करत होते. ऑडिटरी न्यूरोपॅथीत गोंगाटातून बोलणे निवडणे मुळातच सर्वांत अवघड असते. खोली बदलणे वडिलांना परवडणारे नव्हते, भिंतीला काही लावून तो आवाज थांबणारा नव्हता.

मावशी विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत राहते, तिथे माग नाही. दुपारचे दोन तास आई विड्यांचे सूप घेऊन तिथे जाऊ लागली. हात विड्यांवर, बाळ समोर, यंत्र कानात, आणि तोंडाने सतत बोलणे: हे पान, हा दोरा, ही विडी. थेरपिस्टनी सांगितलेले सगळे खेळ त्या दोन तासांत. मागाच्या खोलीत यंत्र काढून खुणा आणि चेहरा. दिवसभर यंत्र हवेच असे पुस्तकात असते आणि ते बरोबर आहे. पण त्या खोलीत दिवसभराचा आग्रह धरला असता तर यंत्र कायमचे डब्यात गेले असते, असे मला आजही वाटते.

भाषेचा पेच यापेक्षा मोठा होता. थेरपी मराठीत, घर तेलुगूत. कुणीतरी आईला सांगितले की पोरीला एकच भाषा शिकवा आणि ती मराठी. आई तोडक्या मराठीत बोलू लागली आणि हळूहळू कमी बोलू लागली. तीन आठवड्यांनी आशाताईंच्या ध्यानात आले की ती आता बाळाला गाणेही म्हणत नाही. आम्ही तो सल्ला बदलला. ज्या भाषेत आई न थांबता, न अडखळता, रागावून आणि लाडाने बोलू शकते, ती बाळाची पहिली भाषा. थेरपिस्टनी खेळांचे शब्द तेलुगूत लिहून घेतले, आशाताईंनी उच्चार दुरुस्त केले. आवाज ओळखायची रोजची चाचणी तशीही कुठल्याच भाषेची नसते: आ, ऊ, ई, श, स, म. खुणाही ठेवल्या. खुणांमुळे मूल बोलत नाही ही भीती घरात होती. मी स्पष्ट सांगितले की भूक, दुखणे, हवे-नको हे सांगता न येणारे मूल थेरपीला बसणार नाही, खुणा चालू द्या.

इम्प्लांटचा निर्णय

नवव्या महिन्यातली बेरा पुन्हा सपाट आली. तेराव्या महिन्यापर्यंत चिन्नी यंत्रासह ‘म’ आणि ‘ऊ’ला वळत होती, ‘श’ आणि ‘स’ला नाही, आणि बडबड वाढत नव्हती. आवाज कळत होता, पण आवाजातला फरक कळत नव्हता. कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवून श्रवणमज्जातंतूला थेट विद्युत संदेश देणाऱ्या उपकरणाचा, विचार इथे सुरू झाला. काविळीनंतर आपोआप सुधारणा होईल या आशेने आणखी थांबायचे, की भाषेची पहिली वर्षे हातची जाऊ द्यायची नाहीत? आम्ही एक वर्षाची सीमा आधीच ठरवून पानावर लिहिली होती, त्यामुळे ही चर्चा हवेत झाली नाही.

एमआरआयमध्ये श्रवणमज्जातंतू नीट दिसला. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत पाच वर्षांच्या आतल्या मुलांना इम्प्लांट मिळते आणि त्याचे नियोजन मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेमार्फत होते. अर्ज, दाखले, तपासण्या यांत सात महिने गेले. माझे काम लसींचे होते: इम्प्लांट असलेल्या मुलांना न्यूमोकोकल मेंदूज्वराचा धोका जास्त, म्हणून पीसीव्ही या न्यूमोकोकल लसीचे तिन्ही डोस झाल्याची खात्री केली आणि २ वर्षांनंतरच्या पुढच्या न्यूमोकोकल लसीची तारीख पानावर टाकली. शस्त्रक्रिया एकविसाव्या महिन्यात, पुण्यात झाली. मॅपिंगसाठी, म्हणजे इम्प्लांटचे संदेश बाळाला मानवतील तसे जुळवून घेण्यासाठी, पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस धरून रात्री परत, असे आठ वेळा. वडिलांनी त्यातले एकही चुकवले नाही.

वेगळे काय करता आले असते

सुरुवात सरळ आहे: अतिदक्षता विभागातून सोडतानाच बेरा, किंवा निदान कार्डाच्या पहिल्या पानावर ठळक ‘ओएई पास, पण बेरा बाकी’. आता माझ्याकडे असे प्रत्येक बाळ पहिल्यांदा आले की मी ‘पास’ या शब्दाशेजारी लाल पेनाने चाचणीचे नाव लिहितो आणि ती कुठपर्यंत पाहते ते सांगतो.

निदान दोन बैठकांत विभागायला हवे होते आणि दुसऱ्या बैठकीत तेलुगू जाणणारी आशाताई हवी होती. दोन कागद वेगळे का बोलतात हे त्याच दिवशी समजले असते तर ते सहा आठवडे गेले नसते. तीन नंबर पहिल्या भेटीतच घ्यायला हवे होते.

एका गोष्टीवर आमचे एकमत नाही. नात्यातले लग्न, ओएई शाबूत, बेरा सपाट: हे चित्र काविळीने होते तसे ओटोफर्लिन नावाच्या जनुकातील दोषानेही होते. मला जनुक तपासणी पहिल्या वर्षातच हवी होती. मॅडमचे म्हणणे, उपचार बदलणार नव्हते, मग आधीच पिचलेल्या कुटुंबावर तो खर्च आणि नात्याचा ठपका कशाला. त्यांचे म्हणणे चूक होते असे मी म्हणू शकत नाही. पण मान डळमळणे काविळीकडे बोट दाखवते, जनुकाकडे नाही, एवढ्यावर आम्ही तो विषय मिटवला, आणि तो तेवढ्याने मिटणारा नव्हता.

सध्या

चिन्नी पावणेतीन वर्षांची आहे. अठराव्या महिन्यात बसू लागली, अडीच वर्षांची होताना चालू लागली. शांत खोलीत नावाला वळते. वीसेक शब्द बोलते, बहुतेक तेलुगू, ‘पाणी’ मात्र मराठीत. मागाच्या खोलीत अजून खुणांनीच बोलते. इम्प्लांटच्या बाहेरच्या भागाची, प्रोसेसरची, केबल दोनदा तुटली. ती योजनेत बसत नाही, एकदा कारखान्यातल्या लोकांनी वर्गणी काढली.

आई पुन्हा गरोदर आहे, पाचवा महिना. रक्तगट ओ असल्याने कावीळ पुन्हा चढू शकते, आणि दोष जनुकाचा असेल तर दर बाळामागे चारातला एक धोका आहे. या वेळी जनुक तपासणी कुटुंबाने स्वतः मागितली. चिन्नीचे रक्त गेल्या आठवड्यात पाठवले, रिपोर्ट यायचा आहे. वहीत येणाऱ्या बाळाचे पान उघडले आहे. पहिल्या ओळीत: जन्मानंतर २४ तासांत बिलीरुबिन. दुसऱ्या ओळीत: घरी सोडण्याआधी बेरा. तारखेचा रकाना रिकामा आहे, चौथ्या रकान्यात आशाताईंचे नाव आहे, आणि त्याखाली आजीने स्वतःचे लिहायला लावले.